यारी आणि वारा

विजापूरला गेलेला माणूस मुलूखमैदान तोफ पाहिल्यावाचून परत येत नाही. सोलापूरकरांना तर ती जवळचीच. ही तोफ १५४९ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. काही काळ ती आपल्या बार्शीच्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि सतराव्या शतकात तेथून विजापुरास नेली गेली. वजन सुमारे पंचावन्न टन. दहा हत्ती आणि चारशे बैल लावून ती ओढत नेली असे परंपरा सांगते. आकड्यांत थोडे इकडेतिकडे असेल, पण एक गोष्ट आपण ध्यानात घ्या. एवढे प्रचंड ओझे परांड्याहून विजापुरास गेले, आणि त्या साऱ्या हकिकतीत वाऱ्याचे नाव कोठेही येत नाही. चिखल असेल, नदीचा उतार असेल, बैलांचा चारा असेल, वारा नाही. कारण तोफ जमिनीवर होती.

ओझे जमिनीला टेकलेले आहे तोवर वारा त्याचे काही करू शकत नाही. ते अधांतरी झाले की वाऱ्याला त्याच्यावर हक्क मिळतो. आजचा आपला विषय एवढ्या एका वाक्यात मावतो खरा, पण हे वाक्य पुरते समजण्यासाठी माणसाला दोनशे वर्षे लागली आणि त्यासाठी पुष्कळ जीव गेले.

यारी हा शब्द आपणांपैकी काहींना नवा वाटेल. जड वस्तू उचलून एका जागेवरून दुसरीकडे ठेवणारे जे यंत्र, ज्याला आता सर्रास क्रेन म्हणतात, तीच ही यारी. शेतकऱ्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही. विहिरीवरची मोट ही यारीची आजीच म्हणा ना! वर चाक, चाकावरून नाडा, नाड्याला मोट, आणि धावेवर बैल. बैलांच्या जागी वाफ, विजेची मोटार किंवा डिझेलचे इंजिन आणा, चाक उंच खांबावर न्या, खांबाला आडवी भुजा लावा, की झाली यारी. फरक एकच: मोट विहिरीच्या आत, चहूबाजूंनी भिंतींच्या आडोशात वर येते. यारीचे ओझे उघड्या आभाळात लोंबकळते.

उघड्यावर उंच वस्तू तोलणे म्हणजे काय हे सोलापुरात कोणाला शिकवायला नको. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला गडी तीसेक फुटांची ती काठी कमरेच्या आधाराने पेलत चालतो, तेव्हा पाहणाऱ्याची नजर काठीच्या वजनावर असते. पण विचार करून पाहा. वजन सरळ खाली येते. त्याला सांभाळायला मजबूत पाय पुरतात. टोकाला लागलेली झुळूक मात्र आडवी ढकलते, आणि काठी जितकी उंच तितका त्या ढकलण्याचा जोर पायथ्याशी अधिक. पहारीने दगड उलथताना आपण जी तरफ आपल्या कामाला लावतो, तीच तरफ येथे वारा आपल्याविरुद्ध वापरतो. साठ मीटर उंचीच्या यारीच्या बाबतीत नेमके हेच घडते.

आता थोडा हिशेब. शिक्षकबंधूंनी तो फळ्यावर अवश्य मांडावा. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ साली पवनचक्क्यांवर निबंध लिहिला, त्यात वेग आणि दाब यांचे कोष्टक दिलेले आहे. आजच्या मापाने सांगायचे तर वारा ताशी ३६ किलोमीटरने वाहत असेल तेव्हा एक चौरस मीटर सपाट फळीवर सुमारे सहा किलो भार पडतो. वेग दुप्पट, म्हणजे ७२ झाला, की भार बारा होत नाही, चोवीस होतो. १०८ झाला की चोपन्न-पंचावन्न. सेंटरिंगसाठी वापरतात तसला दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद पत्र्याचा साचा यारीच्या आकड्याला लटकवला आहे असे समजा. ३६ च्या वाऱ्यात त्याला १८० किलोचा आडवा रेटा बसतो. ७२ च्या वाऱ्यात सव्वासातशे किलोच्या घरात. यारीवाल्याच्या कोष्टकात या साच्याचे वजन लिहिलेले असते. हा रेटा त्यात नसतो.

यावर कोणी म्हणेल, जड वस्तूला वारा काय करणार? खरे आहे, सिमेंटच्या ठोकळ्याला फारसे करत नाही. दोन टनांचा ठोकळा आणि दोन टनांची पत्र्याची भिंत यांत वजन सारखे असले तरी वाऱ्याच्या दृष्टीने पहिला दगड आहे आणि दुसरी पतंग. बांधकामावरचे अनेक अपघात या पतंगाने केले आहेत.

हिशेब १७५९ पासून ठाऊक होता, पण त्याचा धाक बसला तो १८७९ च्या डिसेंबरात. स्कॉटलंडमध्ये टे नावाच्या रुंद खाडीवर सुमारे तीन किलोमीटर लांबीचा लोखंडी रेल्वेपूल बांधलेला होता. त्याचे अभियंते सर टॉमस बाउच. पूल १८७८ मध्ये सुरू झाला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री मोठे वादळ चालू असताना गाडी पुलावर आली, आणि मधला उंच गर्डरांचा सगळा भाग गाडीसकट पाण्यात गेला. सुमारे पंचाहत्तर माणसे होती. एकही वाचले नाही. चौकशीत ओतकामातले दोष निघाले, देखरेखीतली हयगय निघाली, आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही निघाली की पूल आखताना वाऱ्याच्या दाबासाठी म्हणून वेगळी तरतूदच केलेली नव्हती. पुढल्या फोर्थ खाडीवरील पुलासाठी बाउच यांनी दाब किती धरावा असे विचारले होते, तेव्हा राजज्योतिषी एअरी यांनी चौरस फुटाला दहा पौंड पुरेत असे कळवले होते. अपघातानंतर सरकारने त्याच फोर्थच्या पुलासाठी छप्पन पौंड धरण्याची सक्ती केली. दहाचे छप्पन! बाउच यांच्या हातून ते काम गेले आणि १८८० मध्ये ते वारले.

फोर्थचा पूल १८९० मध्ये खुला झाला. तो बांधण्यापूर्वी बेंजामिन बेकर यांनी खाडीतल्या इंचगार्वी नावाच्या बेटावर दाब मोजण्यासाठी फळ्या उभ्या केल्या. एक मोठी, तीनशे चौरस फुटांची. दुसरी लहान, जेमतेम दीड फुटाची. कित्येक वर्षे नोंदी घेतल्या, आणि दिसून आले की दर फुटामागे लहान फळीवर दाब जास्त येतो. याचे कारण असे की वारा भिंतीसारखा सलग येत नाही. तो झोतांनी येतो, आणि झोत अरुंद असतात. मोठ्या फळीवर एका वेळी सगळीकडे सारखा झोत बसत नाही. उफणणी करणाऱ्या बाईला ही गोष्ट बेकरसाहेबांच्या आधीपासून ठाऊक असावी असे मला वाटते. वावडीवर उभे राहून सुपातले धान्य सोडताना ती वाऱ्याची सरासरी पाहत नाही, झोत पाहते.

हा मुद्दा यारीवाल्याला फार महत्त्वाचा आहे. वाऱ्याचा वेग म्हणून जो आकडा सांगितला जातो तो बहुधा काही मिनिटांची सरासरी असतो. अधूनमधून येणारा झोत सहज त्याच्या दीडपट असू शकतो, आणि दीडपट वेग म्हणजे सव्वादोनपट दाब. शिवाय जमिनीवर झाडे, घरे, बांध यांनी वारा अडतो, वर मोकळा सुटतो. माळावर दहा मीटर उंचीवर जो वेग आहे त्यापेक्षा ऐंशी मीटरवर साधारण तिसऱ्या हिश्श्याने अधिक सापडतो. खाली उभा असलेला मुकादम "कुठंय वारा? चालू द्या" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो खाली उभा असतो, एवढेच.

म्हणून वारा वर मोजला पाहिजे. चार वाट्या फिरवणारे वेगमापक यंत्र आयर्लंडमधील रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये केले. योगायोग असा की त्याच वर्षी न्यूकॅसल बंदरात विल्यम आर्मस्ट्राँग यांनी पाण्याच्या दाबावर चालणारी यारी उभी केली. दोन्ही यंत्रे एका वर्षाची, पण ती एकमेकांच्या शेजारी यायला बराच काळ जावा लागला. आज टॉवर यारीच्या माथ्यावर या वाट्या फिरत असतात आणि आकडा चालकाच्या खोलीत दिसतो. आपल्याकडे १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. १९२८ मध्ये त्याचे मुख्य ठाणे शिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या इमारतीला अजून शिमला ऑफिस म्हणतात. मुख्य ठाणे पुढे दिल्लीस गेले, तरी वेधशाळेचे मोठे काम पुण्यात चालू राहिले.

शाळेत हे यंत्र मुलांकडून करून घेता येते: चार कागदी पेले, दोन काड्या, एक टाचणी. तेही नसेल तर नुसत्या डोळ्यांनी वारा ओळखण्याची रीत आहे. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस बोफोर्ट यांनी १८०५ च्या सुमारास ती शिडांवरून बसवली. नंतर ती जमिनीवरच्या खुणांना जुळवण्यात आली. धूळ आणि कागद उडू लागले की ताशी २० ते २८ किलोमीटर. पानांनी भरलेली लहान झाडे डुलू लागली की २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरवत नाही तेव्हा ३९ ते ४९. अख्खा लिंब हलतो तेव्हा ५० च्या वर, आणि डहाळ्या मोडू लागल्या की ६२ च्या वर. पुष्कळशा फिरत्या यारींचे काम तिसाच्या पुढे, लहान झाडे डुलतात तेथेच, थांबवतात. टॉवर यारी बहुधा ७२ पर्यंत टिकेल अशी आखलेली असते, तरी शहाणे लोक त्याच्या बरेच आधी काम बंद करतात. प्रत्येक यारीबरोबर निर्मात्याचे पुस्तक येते. त्यात लिहिलेला आकडा हाच त्या यारीचा कायदा.

टॉवर यारी तशी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची गावेच्या गावे पडली होती, ती भराभर उभारायची होती. हान्स लीबहेर या बांधकाम व्यावसायिकाने १९४९ मध्ये सहज हलवता येईल, चटकन जोडता येईल अशी टॉवर यारी बनवली. तेव्हापासून ती जगभर पसरली आणि आता पुण्या-मुंबईच्या आकाशात तर ती दिसतेच दिसते. सोलापूरजवळ फताटेवाडी-आहेरवाडीच्या माळावर १३२० मेगावॅटचे वीजकेंद्र झाले, त्याचा पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये चालू झाला. अशा केंद्रातला बाष्पक जमिनीवर बसवत नाहीत, पोलादी सांगाड्याला वरून टांगतात, म्हणजे तापल्यावर त्याला खाली वाढायला जागा राहते. एवढे ओझे उंचावर टांगायचे म्हणजे उंच यारीवाचून गत्यंतर नाही.

या टॉवर यारीची एक खोड नव्या माणसाला उलटी वाटते. काम संपले, वारा वाढला, तर आपल्या मनात काय येईल? भुजा घट्ट बांधून टाकावी. येथे ते अगदी चूक. फिरण्याचा ब्रेक सोडून देतात आणि भुजेला वाऱ्यासरशी मोकळी फिरू देतात, देवळावरच्या पताकेसारखी. मग ती वाऱ्याच्या दिशेने लांब होते, वाऱ्याला तिची कड तेवढी मिळते. बांधून ठेवली तर एखादा झोत तिला आडवी गाठतो आणि तेव्हा सगळा रेटा खांबावर येतो. आकडा मोकळा करून वर, बुंध्याजवळ घ्यावयाचा, त्याला ओझे अडकवून ठेवावयाचे नाही. साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या यारीची रीत मात्र वेगळी. तिची उंच भुजा काम नसताना खाली आणून निजवावी लागते. ११ सप्टेंबर २०१५ रोजी मक्केत वादळी पावसात अशीच एक प्रचंड यारी मशिदीवर कोसळली आणि शंभरावर माणसे गेली. ती त्या वेळी काम करत नव्हती. तिची भुजा मात्र उभी ठेवलेली होती.

अमेरिकेत मिलवॉकी येथे १४ जुलै १९९९ रोजी क्रीडागाराच्या छताचा चारशे टनांवरचा तुकडा उचलताना यारी पडून तीन कामगार गेले. यारीवर येणारा वारा धरला होता, त्या अफाट छतावर येणारा धरला नव्हता. वर सांगितलेल्या पतंगाची ही गोष्ट. आणि सिॲटलची २७ एप्रिल २०१९ ची गोष्ट आणखी निराळी. तेथे यारी उतरवण्याचे काम चालू होते. खांबाचे तुकडे ज्या खिळांनी जोडलेले असतात त्या काम लवकर आटपावे म्हणून आधीच काढून ठेवल्या होत्या. झोत आला आणि खांब रस्त्यावर गेला, चौघे मेले. वारा तसा नेहमीचाच होता. घाईने त्याला वाट करून दिली.

आता आपल्या महाराष्ट्रातील हकिकत. ५ ऑगस्ट २०२० रोजी मुंबईत पावसाने कहर केला. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी १०६ किलोमीटर नोंदला गेला. समोर उरणच्या बाजूला न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील धक्क्यावरच्या तीन उत्तुंग यारी त्या दिवशी कोसळल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मागचा हिशेब लावून पाहा: १०६ चा झोत म्हणजे दर चौरस मीटरला बावन्न-त्रेपन्न किलो. बंदरावरच्या यारी रुळांवर चालतात. जोराचा वारा रुळांच्या दिशेने लागला तर ब्रेक घसरून सारे धूड चालू लागण्याचा धोका असतो, आणि एकदा गती घेतली की टोकाच्या अडसरावर किंवा शेजारच्या यारीवर आदळल्याशिवाय ते थांबत नाही. याकरिता रुळाला पकडणारे चिमटे, जमिनीतल्या खाचेत उतरणाऱ्या पहारीसारख्या खुंट्या आणि चारी पाय जखडणारे बांध ठेवलेले असतात. ते सगळे वारा यायच्या आधी लावावयाचे असतात. मागाहून लावता येत नाहीत.

त्या घटनेत मला लक्षणीय वाटते ते निराळेच. दोनच महिन्यांपूर्वी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडाच्या किनाऱ्यावर आले होते. त्याची वार्ता चार दिवस घरोघरी होती. ५ ऑगस्टच्या वाऱ्याला नाव नव्हते. तो पावसाळ्यातला एक दिवस होता. नाव असलेल्या वादळाला आपण भितो, बिननावाचा वारा काम करून जातो.

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, चक्रीवादळाचा तडाखाही क्वचित. आपला वारा तो वळवाचा. चैत्र-वैशाखात सकाळभर पान हलत नाही. दुपारी ढग चढतात, फुलकोबीसारखे फुगतात, आणि चारच्या सुमारास त्यांच्या पोटातली गार हवा धाडकन खाली येऊन जमिनीवर चहूकडे पसरते. पाऊस यायच्या आधीच धुळीची भिंत येते आणि गोठ्याचे पत्रे उडतात ते याच वाऱ्याने. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला असाच धुळीचा वारा सुटला आणि १२० फूट लांब, १२० फूट उंच जाहिरातफलक पेट्रोल पंपावर पडून १७ माणसे गेली. परवानगी होती चाळीस फुटांपर्यंत. एवढ्या फलकाचे क्षेत्र साडेतेराशे चौरस मीटरांच्या आसपास. वारा ताशी साठच धरला तरी रेटा बावीस टनांवर जातो.

याच्या उलट, जेथे मुद्दाम वाऱ्याच्या तोंडी जावे लागते अशीही कामे आहेत. मिरजेहून पंढरपूरला रेल्वेने येताना ढालगावच्या आसपास डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर तर त्यांचे रानच आहे. वारा भरपूर म्हणून जागा निवडायची आणि पाते चढवताना वाराच नको! पाते म्हणजे शिडासारखी वस्तू. ते चढवणारे लोक दिवसाच्या शांत घटका पाहून ठेवतात, पात्याच्या दोन्ही टोकांना हातदोर बांधून खालून माणसे ते आवरून धरतात, आणि तासन् तास यारी उभी ठेवून वाट पाहतात. यारीचे भाडे चालू असते. तरी वाट पाहतात.

या भाड्यात खरी मेख आहे. आपल्या खेड्यांतली कितीतरी मुले बांधकामावर खलाशी म्हणून जातात: ओझ्याला साखळ्या लावणारी, खालून हाताने इशारे देणारी. कोष्टके दुसऱ्याजवळ असतात, ओझ्याखाली ती असतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात उचलयंत्रांची निदान वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून कसून तपासणी व्हावी असे कलम घातले गेले. पण दुपारी चारचा झोत वर्षाच्या तपासणीत सापडत नाही. तेथे कोणीतरी हात वर करून थांबा म्हणावे लागते. उभ्या जगात बांधकामावरचा एक नियम मान्य आहे: इतर इशारे नेमलेल्या माणसानेच द्यायचे, पण थांबण्याचा इशारा कोणीही द्यावा, आणि तो कोणाचाही असो, यारीवाल्याने मानावा. गावातून कामावर निघालेल्या मुलाला गुरुजींनी एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

हवामान खाते आता पुढल्या तीन तासांचे तातडीचे अंदाज देते, विजेची सूचना भ्रमणध्वनीवर येते. वैशाखात कामावर त्या पाहणारा एक माणूस नेमलेला असावा. तरीही शेवटची सूचना क्षितिजच देते. समजा, माळाच्या कडेला सहा किलोमीटरवर धुळीची भिंत दिसली आणि ती ताशी ४५ च्या वेगाने येत आहे. हाती आठ मिनिटे आहेत. तेवढ्यात ओझे खाली टेकवून साखळ्या सोडायच्या, आकडा वर घ्यायचा, फिरण्याचा ब्रेक मोकळा करायचा, चालकाने साठ मीटर शिडी उतरायची आणि खालच्या माणसांनी भुजेच्या फेऱ्याबाहेर जायचे. चांगल्या सराईत टोळीला एवढा वेळ पुरतो. मात्र ओझे कोठे टेकवायचे ती जागा सकाळीच मोकळी करून ठेवलेली असली पाहिजे.